अठ्ठावीस इंचांचा गवत्या

रविवारी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी तलावाच्या पलीकडच्या काठावर मास्तरांच्या गळाला मासा लागला. सात दहाला तो जाळीत आला आणि सात चौदाला परत पाण्यात गेला. मधल्या चार मिनिटांत त्याची लांबी मोजली गेली.

मास्तर म्हणजे बाजारगल्लीतले शिंपी. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या कमरा मोजायच्या आणि सातव्या दिवशी पाण्याकडे बघत बसायचं, हा त्यांचा चौदा वर्षांचा नेम. सोबतीला गॅरेजवाले. मास्तरांची मुलगी गॅरेजवाल्यांच्या घरी दिली तेव्हापासून दोघे व्याही झाले. त्याआधी नुसतेच एका काठावर गळ टाकून बसणारे.

तलावावरच्या हौशी मंडळींचे नियम तीनच. मासा घरी न्यायचा नाही. दोन फुटांपेक्षा लहान असेल तर त्याबद्दल बोलायचं नाही. आणि ज्यानं पकडला त्यानं मोजायचा नाही. सोबत्यानं मोजायचा, आणि सोबत्यानंच नाववाल्याच्या खोलीतल्या फळ्यावर लिहायचा. त्या फळ्याची पहिली ओळ नऊ वर्षं बदललेली नव्हती: 'गवत्या, २८ इंच, गॅरेजवाले.' गवत्या म्हणजे पाण्यातलं गवत खाण्यासाठी तलावात सोडलेला लांबट, जाड खवल्यांचा मासा. अंगात ताकद भरपूर, आणि पावाची चटक.

त्या अठ्ठावीसवर गॅरेजवाल्यांचं अर्धं गॅरेज चालायचं. ब्रेक दुरुस्त करायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी मासा ऐकावा लागे, मग ब्रेक.

रविवारी मास्तरांनी शिळ्या पावाची गोळी लावली होती. दोऱ्याला बांधलेलं बूच पाण्यावर एकदा थरथरलं, आडवं झालं आणि सरळ खाली गेलं.

'ढील द्या, ढील!' गॅरेजवाले ओरडले. 'कापड ताणताय का? सोडा दोरा!'

'व्याही, तुम्ही जाळी सांभाळा. दोरा मी बघतो माझा.'

'अहो, बुडालेल्या झाडाकडे चाललाय तो, दोरा अडकेल!'

'जाऊ दे. दमेल आणि येईल. जावयाला नाही का येऊ दिलं?'

'माझ्या पोराला मध्ये आणू नका!'

रीळ करकरत राहिलं, मास्तरांचं मनगट भरून आलं. अठरा मिनिटांनी मासा कुशीवर वळला. गॅरेजवाल्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून जाळी खाली घातली आणि आत पाहिलं, तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

'मास्तर, हा मोठा आहे हो.'

मासे मोजायची लाकडी पट्टी नाववाल्याकडे, अलीकडच्या काठावर. या काठावर टेप एकच, मास्तरांच्या खिशातली. मास्तरांचे दोन्ही हात ओल्या गोणपाटावर माशाला धरून होते. गॅरेजवाल्यांनी त्यांच्या खिशात हात घालून टेप काढली.

त्या टेपचा पहिला इंच नाही. बावीस वर्षांपूर्वी टोक झिजलं, दोरे निघाले, तेव्हा मास्तरांनी तो कापून टाकला. टेप सुरू होते ती एकच्या आकड्यापासून. दुकानात त्यानं काही बिघडत नाही. मास्तर टेपवर दिसेल ते ओरडतात, आणि वही घेऊन बसलेली बायको एक वजा करून लिहिते. मास्तर म्हणतात 'छत्तीस', ती लिहिते पस्तीस. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची विजार खाली आली नाही की वर गेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी गॅरेजवाल्यांचा मासा मास्तरांनीच मोजला होता, याच काठावर, याच टेपनं. सवयीनं ओरडले, 'अठ्ठावीस!' वही घेऊन बसलेलं तिथं कोणी नव्हतं. अख्ख्या तलावाला अठ्ठावीस ऐकू गेलं आणि अठ्ठावीसच लिहिलं गेलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, 'आज अठ्ठावीस इंचाचा मासा मोजला.' ती भाजी वाढता वाढता म्हणाली, 'म्हणजे सत्तावीस.'

घास हातात राहिला. पुढच्या रविवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण मंगळवारी मुलीनं घरात एका मुलाचा विषय काढला, आणि तो निघाला गॅरेजवाल्यांचा. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच बैठकीत 'तुमचा मासा एक इंच आखूड आहे' असं सांगणारा बाप अजून जन्माला यायचाय. मग लग्न झालं, नातू झाला, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. तेवढ्या काळात या काठावर मोजण्याजोगं दुसरं काही लागलंही नाही.

गॅरेजवाल्यांनी टेपचं टोक माशाच्या तोंडाला लावलं, शेपटीपर्यंत नेली, वाकून आकडा पाहिला. एकदा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

'साडेअठ्ठावीस!' ते ओरडले. 'मास्तर, साडेअठ्ठावीस! मेलो मी!'

आणि हसत सुटले.

मास्तरांनी मासा पाण्यात धरला. कल्ले उघडमीट करू लागले, शेपटीत जोर आला, हाताला एक गुळगुळीत धक्का बसला आणि तो गेला. त्यांच्या मनात हिशेब झालेला होता. खरं माप साडेसत्तावीस. व्याह्यांचं खरं माप सत्तावीस. म्हणजे आपण पुढे, यात खोटं काही नाही. फळ्यावर दोन्ही आकडे एकेक इंच जास्त, पण क्रम बरोबर. दोन्ही बाह्या सारख्याच चुकल्या की सदरा सरळ दिसतो. गप्प बसलं की झालं.

नावेत बसल्याबसल्या गॅरेजवाल्यांनी सुनेला फोन लावला. 'ऐक, तुझ्या बापानं माझं नाक कापलं! अर्ध्या इंचानं! अगं, मी स्वतः मोजला. मीच लिहिणार आता, नियम आहे. दुपारी सगळे आपल्याकडेच जेवू, तुझ्या आईलाही बोलव.' फोन ठेवून ते मास्तरांच्या गुडघ्यावर थाप मारत राहिले. नऊ वर्षांचा मान गेलेला माणूस इतका खूश असू शकतो, हे मास्तरांच्या हिशेबात नव्हतं. तो मनमोकळेपणाच त्यांना टोचू लागला.

नाववाल्याच्या खोलीत गॅरेजवाल्यांनी रुमाल ओला करून स्वतःची ओळ स्वतःच्या हातानं पुसली. खडू उचलला.

'थांबा,' मास्तर म्हणाले. 'एक वजा करा.'

'कशातून?'

'माझ्यातून. आणि तुमच्यातूनही.'

मग त्यांनी सांगितलं. टेप, वही, बायको, मंगळवार. नाववाला दोर गुंडाळत होता तो थांबला. गॅरेजवाल्यांनी टेप उजेडात धरली.

'ही एकपासून सुरू होते.'

'हो.'

'माझा मासा मोजला कोणी होता?'

'मी.'

'अठ्ठावीस म्हणून कोण केकाटलं होतं?'

'मीच.'

'आणि तुम्हाला कधी कळलं?'

'त्याच संध्याकाळी.'

गॅरेजवाले बाकावर बसले. 'नऊ वर्षं,' ते म्हणाले. 'सासुरवाडीत सांगितलं मी. बँकेच्या साहेबाला सांगितलं. नातवाला झोपवताना सांगतो, अठ्ठावीस.'

'तरी मास्तरच पुढे,' नाववाला हळूच म्हणाला. 'अर्ध्या इंचानं.'

'तू दोर गुंडाळ.' ते पुन्हा टेपकडे वळले. बोटांत धरून चोळून पाहिली. 'कापडी आहे ना ही? नवीन कापड शिवायच्या आधी भिजवून घ्या, पाण्यात आटतं, असं गिऱ्हाइकांना कोण बजावतं?'

'मीच.'

'माझा मासा मोजला तेव्हा ती पहिल्यांदा भिजली. म्हणजे माझं माप कोरड्या टेपचं. तुमचं आटलेल्या टेपचं. आटलेली टेप जास्त दाखवते. अर्धा इंच आटली असेल तर?'

चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांना कोणी कापडाबद्दल निरुत्तर केलं नव्हतं. टेपला वरून मेणाचा हात असतो, पण तो कधीच झिजला होता. आणि नऊ वर्षांपूर्वी ओली टेप खिशात कोंबली कोणी? त्यांनीच.

'असू शकतं,' ते म्हणाले.

'मग लिहायचं नाही.' गॅरेजवाल्यांनी टेप घडी करून स्वतःच्या खिशात टाकली. 'उद्या गॅरेजात स्टीलच्या पट्टीला लावतो. दोन्ही बाजूंनी, तीनदा. मग बोलू.'

'रागावलात?'

'रागावायला सवड कुठाय? मला नऊ वर्षांची गिऱ्हाइकं शोधून एकेकाला इंच परत द्यायचाय.' दारात थांबून ते वळले. 'जेवायला मात्र यायचं. सुनेला सांगून बसलोय.'

मास्तर गेले. दोघे शेजारीशेजारी बसून जेवले. नातवानं मासा केवढा होता विचारलं तेव्हा दोघांनी एकदमच हात पसरले, एकमेकांच्या हातांकडे पाहिलं आणि थोडे आत घेतले. घरी परतताना मास्तरांना पाय हलके वाटत होते. बायको म्हणाली, 'शीळ घालताय?' ते म्हणाले, 'मी? नाही.'

सोमवारी दहा वाजता दुकान उघडलं. जुनी टेप नव्हती, म्हणून मास्तरांनी खोक्यातून नवी काढली, पूर्ण साठ इंचांची. पहिलं गिऱ्हाईक एक कंडक्टर, विजारीसाठी. मास्तरांनी कंबर मोजली. 'अडतीस.'

बायकोनं लिहिलं, सदतीस.

'अगं, अडतीसच. ही नवी आहे.'

'आधी सांगायचं.' तिनं खोडून अडतीस केलं. 'लांबी?'

'एक्केचाळीस.'

तिनं लिहिलं, चाळीस. मग कपाळावर हात मारला आणि तेही खोडलं. कंडक्टर आरशात बघत होता, त्याच्या लक्षात आलं नाही.

अकरा वाजता मास्तरांनी गॅरेजला फोन केला. पोऱ्यानं उचलला. साहेब आतल्या खोलीत आहेत म्हणाला, दार लावून. कोणाला आत सोडत नाहीयेत. स्टीलची पट्टी घेऊन गेलेत, आणि बादलीभर पाणी.

पावणेबारापर्यंत फोन आलेला नाही. तलावावर नाववाल्याच्या खोलीतल्या फळ्याची पहिली ओळ कोरी आहे.