काशीकडे पाठ

सकाळी मी इंदूआजींच्या पाठीवरच्या जखमा धुते आणि दुपारी त्याच खोलीत कॅमेरा लावते. नर्स म्हणून मी कच्ची, दिग्दर्शक म्हणून अर्धवट. आई वैतागून म्हणते, "एक काहीतरी ठीकसे कर." पण काशीच्या रामघाटाजवळच्या या आश्रमात बारा म्हाताऱ्या आहेत आणि डॉक्टर एकही फिरकत नाही. फिल्म बघून कुणीतरी येईल, या आशेवर माझं दोन्ही चालू आहे.

फिल्म आश्रमातल्याच शरदिनीकाकूंवर आहे. डोळे जवळजवळ गेलेले, जीभ मात्र शाबूत. शेवटच्या शॉटमध्ये मला त्यांचा चेहरा आणि मागे सगळे घाट हवे होते. तसं दिसतं फक्त गंगेच्या पलीकडच्या तीरावरून. "बोटीत बसाल का?" एवढंच मी विचारलं. याच तीरावरच्या बालाजी घाटावर त्या नेहमी बोटीनेच जातात, त्यामुळे लगेच तयार झाल्या.

पलीकडे मी त्यांना हात धरून उतरवलं. त्या थबकल्या, पायाने चाचपडू लागल्या.

"नीरजा, पायाखाली ही तर बालू आहे, नुसती रेती. पायऱ्या कुठे गेल्या?"

"आपण उस पार आलोय, काकू."

त्यांचा चेहरा पडला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मरण काशीतच यावं म्हणून त्यांनी अकरा वर्षांपूर्वी क्षेत्रसंन्यास घेतला होता. काशीची हद्द पुन्हा ओलांडायची नाही, हे त्यांचं व्रत. मला ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणू? तीन दिवसांपूर्वी कॅमेऱ्यासमोर त्यांनीच ते सांगितलं होतं आणि मी हेडफोन लावून आवाज स्वच्छ येतोय ना, तेवढंच ऐकत बसले होते! जन्म माझा रामघाटावरचा; गंगेपलीकडे काशी संपते, हे मला कुणी सांगायला नको होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं. चला, परत जाऊ."

"आता जाऊन काय? मोडायचं ते मोडलं." काकूंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "या सिनेमाने इंदूला डॉक्टर मिळेल ना?"

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर यांना इथे आणलंच कशाला?

"माहीत नाही, काकू."

"काशी कुठल्या बाजूला?"

"तुमच्या मागे."

त्या झटकन वळल्या. हात जोडले, ओठ हलत राहिले. कॅमेऱ्यात नुसती त्यांची पाठ दिसत होती. शूट करणं पाप की न करणं? इंदूआजींची जखम मोठी की काकूंचं व्रत? कुणाचं भलं करायला निघाले होते मी?

काकू आपणहून परत फिरल्या, काशीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"चेहरा लागतो ना तुला? नीट घे. पुन्हा वळायला सांगू नकोस."

मी बटण दाबलं. एवढं होऊनही, फ्रेम सरळ आहे ना, हेच मी आधी पाहिलं.