गाणं सातवं, आवाज अज्ञात

बर्फाची लादी ओढून निघत नाही. डबा आधी साध्या पाण्यात बुडवावा लागतो. मग ती आपणहून सुटते.

पाच तारे. ‘ऐकताना पंखा बंद केला, एवढी थंडी वाजली.’ – कोल्हापूर.

पितृपक्षात म्हाळाला वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. दाजींना खिरीत वेलची चालत नसे.

तीन तारे. ‘ड्रम वाजवतो तो माणूस नाही, यंत्र आहे.’ – पोलंड, फोननं केलेलं भाषांतर.

होडी पाण्यात ढकला नाहीतर नवी रिक्षा दारात आणा, आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकानं देवाशी बोलायचं, बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं वाटेतच राहतं.

चार तारे. ‘गाणं सातवं: सुरुवातीची म्हाताऱ्याची कटकट छाटली, बरं केलं.’ – पुणे.

हे शेवटचं सर्वेश चौथ्यांदा वाचत होता.

“रे यंत्रा!” महादू ओरडला. “हय ये. लाद्यो सुटल्यो.”

पोलंडची प्रतिक्रिया महादूला दाखवली ही सर्वेशची चूक झाली होती. देवगड बंदरावरच्या बर्फ कारखान्यात दोघं नऊ वर्षं एकत्र होते, आणि सर्वेश एके काळी ‘काळो कातळ’ नावाच्या ब्लॅक मेटल, म्हणजे भीतीदायक किंकाळ्यांचं संगीत वाजवणाऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, हे महादूला ठाऊक होतं. त्यानं एकदा अर्धं गाणं ऐकलं होतं आणि विचारलं होतं, “ह्या कोणाक मारतत काय रे?”

काल बँडचं ‘निवडक’ निघालं होतं. तेरा वर्षांतली अकरा गाणी. गाणारा, गिटारवाला आणि मालक, तिन्ही सुशांतच. तो आता पुण्यात. त्यानं नवं आलं त्याच दिवशी जुनी सगळी रेकॉर्डं इंटरनेटवरून काढून टाकली. सर्वेशकडची सीडी खाऱ्या हवेनं कधीच खाल्ली होती.

सातव्या गाण्याच्या आधी दाजी होते. सर्वेशचे वडील. एक मिनिटभर पुरं गाऱ्हाणं. दाजी जाऊन तीन वर्षं झाली, आणि त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता. आज त्यांचा म्हाळ. आईनं आठवड्यापूर्वी सांगून ठेवलं होतं, “तुज्याकडे तेंचो आवाज आसा मां? पानां वाढूच्या आधी लाव.”

आता तिथे त्यातले बाराच सेकंद होते. खाली नावांची यादी होती. ड्रम: सर्वेश. सुरुवातीचा आवाज: अज्ञात मांत्रिक.

त्यानं ओले हात पँटला पुसले आणि सुशांतला फोन लावला.

“अभिनंदन कर आधी!” सुशांत म्हणाला. “वाचलंस ना? तुझं किती कौतुक करतायत लोक!”

“गाऱ्हाण्याचा काय केलंस?”

“ठेवलंय की. हल्ली कोण थांबत नाही रे. सरळ पुढे सरकवतात.”

“आणि होय म्हाराजा खंय गेला?”

“ते जरा हसू येण्यासारखं होतं. त्यानं भीती जात होती.”

“भीती?” सर्वेशचा आवाज चढला. महादूनं लादी फोडायचं यंत्र बंद केलं. “माझो बापूस भीती घालूक इल्लो? तुझा बरा होवंदे म्हणान नारळ घेवन इल्लो तो! आमच्या घराक जेवलंस, दाजी दाजी करून तेच्या बिडयो ओढलंस. आता तो अज्ञात?”

मग सुशांत घरच्या बोलीत आला.

“रागा नको रे. ह्या संगीताक गूढ लागता. वेंगुर्ल्याचो सुशांत आणि देवगडचे दाजी, ह्येका कोण भियात?”

“माका पुरा दी. आयेक आयकवचा आसा.”

“पुरा नाय आता. ह्या कापल्यावर डिस्कच गेली. शपथ.”

सर्वेशनं फोन ठेवला. “जा तू,” महादू म्हणाला. “माझा मी बघतंय.”

बस येईस्तोवर त्यानं सगळ्या प्रतिक्रिया शोधल्या. ‘जादूटोण्याचा खराखुरा मंत्र.’ ‘हा आवाज संगणकानं केलाय का?’ ‘अंगावर काटा.’ आणि तळाशी, कुणी सलोनी, नागपूर: ‘जुन्यात शेवटी तीन पोरं एकदम ओरडायची, होय महाराजा. ते का काढलं? मला तिथेच रडू यायचं.’

त्यानं लिहिलं, ‘तुमच्याकडे जुनं आहे का?’

बस दाभोळ्याच्या चढावर असताना उत्तर आलं. ‘नाही हो. फोन बदलला. तुम्ही कोण?’

त्यानं ‘ड्रम’ एवढं लिहिलं, खोडलं, आणि फोन खिशात टाकला.

कापलेलं त्याला तोंडपाठ होतं. ‘ही पोरां काय वाजवतत ता माका कळणा नाय म्हाराजा, तुका कळात तर बघ. बरा वाजवतत तर नाव होवंदे. वायट वाजवतत तर घराक सुखरूप येवंदेत. तिघांत कधी वाकडा पडूचा नाय, असा कर.’ आणि बँडमधली ती तीन पोरं, हसू दाबत, ‘होय म्हाराजा.’

सुशांतनं ठेवलं होतं ते फक्त पहिलं: ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या मांगरात ही पोरां नवा कायतरी मांडतत...’ तेही पाताळातून आल्यासारखं घोगरं केलेलं.

पानं मांडून झाली होती. कावळ्यासाठी वाढलेलं पान कुंपणाच्या दगडी गडग्यावर होतं. आई कोरं लुगडं नेसून उंबऱ्याशी बसली होती.

“इलस? लाव बघूया.”

सर्वेशनं अंगठा तयार ठेवला, किंकाळी यायच्या आत थांबवायला. दाजी बोलले. थांबले. त्यानं बंद केलं.

“होय म्हाराजा,” आई म्हणाली. विचार न करता, सवयीनं. मग त्याच्याकडे बघत राहिली. “पुढचा?”

“इतक्याच आसा.”

“तेणी इतक्यात कधी संपवल्यान नाय.” तिनं पदर सारखा केला. “आणि आवाज असो कित्याक? आजारी होते काय तेव्हा?”

“नाय गो. मशीन तसा आसा.”

“लाव परत.”

त्यानं परत लावलं. बारा सेकंद. होय म्हाराजा. परत. होय म्हाराजा. आतून कुणीतरी वडे थंड होतायत म्हणालं. आईनं हात वर करून थांबवलं. पाचव्या वेळेला सर्वेशनं तिच्याबरोबर तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं एकटीनंच म्हटलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी, घरामागच्या मांगरात नारळ फुटल्यावर, दाजींनी मायक्रोफोनच्या लाल दिव्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, “ह्या भायर खंय वाजवशात नाय मां?” आणि सर्वेश म्हणाला होता, “नाय. घरातच.”