नकाशावरचं देवबाग स्टेशन

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. रेल्वेचा. पण माझ्यावर दाखवलीय तशी रेल्वे कधी धावलीच नाही. देवबागला सुगंधाबाईंच्या घरी कपाटामागे मी गुंडाळी होऊन पडलेला असतो. वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला, तरी दुखलं नाही. हल्ली काहीच दुखत नाही.

पन्नासेक वर्षांपूर्वी कोकणात रेल्वे यावी म्हणून मुंबईतल्या चाकरमान्यांनी एक मंडळ काढलं होतं. गावोगाव वाटायला त्यांना नकाशा हवा होता. मंडळाचे चिटणीस चित्रकाराला म्हणाले, "रेघ जाड काढ, सरळ काढ. गावां जरा जवळ घे. लोकांका पटाक व्हया." त्याने लाल रेघ कोकणातल्याच, आतल्या बाजूच्या नांदगावहून थेट समुद्राकडे वळवली, डोंगर पुसट केले, खाड्या गाळल्या आणि देवबागवर स्टेशनाचा ठिपका दिला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. तिथे रूळ कुठे बसणार? त्याने देवबाग पाहिलंच नव्हतं. कुणालाही फसवायचं नव्हतं. सगळ्यांना नुसती घाई होती.

नांदगावच्या जत्रेत माझं केवढं कौतुक झालं! रेल्वेच्या मागणीवर सह्या करायला रांग लागली. तिथल्या परशुराम नावाच्या शेतकऱ्याने मला घरी नेऊन भिंतीला लावलं. सुगंधा ही त्याची एकुलती मुलगी, आईविना वाढलेली. देवबागचं स्थळ आलं तेव्हा बापाला सोडून लांब जायला ती तयार होईना. त्याने तिला माझ्यापुढे उभं केलं. "बघ गो चेडवा, सकाळी गाडयेत बसलंस तर न्याहारेक माझ्याकडे येशीत." तिने मला नीट पाहिलं आणि हो म्हटलं. पाठवणीला तिच्या ट्रंकेत मीही होतो.

पाच वर्षांनी, ऐन श्रावणात, परशुराम अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. ती होडीने मालवणला आली, तिथून एसटीने कसालला. वाटेत झाड पडलं होतं, त्यामुळे पुढची गाडी चुकली. ती नांदगावला पोचली तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. देवबागला आल्यावर तिने मला भिंतीवरून उतरवलं आणि गुंडाळून ठेवलं. फाडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढे वीस वर्षांनी रेल्वे आली. नांदगावला स्टेशनही झालं. समुद्राकडे मात्र ती वळली नाही.

परवा सुगंधाबाईंची नात तन्वी मोबाइल घेऊन आली. तिला स्थळ आलं होतं, पार घाटाच्या पायथ्याचं. "आजी, ह्यो बघ नवीन रस्तो. हयसून एका तासात पोचाक होतला."

"रस्तो झालो काय?"

"होतलो."

"मगे आज जी वाट आसा, त्या वाटेन जावन ये. किती वेळ लागता ता बघ."

दुसऱ्या दिवशी तन्वी आईला घेऊन सकाळच्या एसटीने गेली. दुपारी तिचा फोन आला. "आजी, चार तास लागले गो. पण माका स्थळ पसंत आसा."

"मगे हो म्हण," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुका आता खरा अंतर ठावक आसा."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. नकाशा जरूर बघा, पण तो कुणी आणि कशासाठी काढला, तेही विचारा. आणि त्याच्या भरवशावर आपलं माणूस दूर धाडण्याआधी ती वाट एकदा स्वतः चालून या. परशुराम चालला नव्हता.