माल बसला

चनबसप्पाची एक खोड साऱ्या एमआयडीसीला ठाऊक होती. तोंड पुजाऱ्यासारखं गंभीर ठेवायचं आणि समोरच्याला पार गंडवायचं. टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला सव्वीस वर्षं काढली त्यानं, पण नवा आलेला एकही मॅनेजर त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. एकाला त्यानं पटवलं होतं, की मागांना अमावास्येला तेल चालत नाही. तो गडी दोन महिने पंचांग घेऊन शेडमध्ये फिरत होता.

तर अशा माणसाला धाकट्या मालकांनी, गुरुशांत यांनी, शाळेत घातलं. चार शनिवार, दुपारी दोन ते पाच, कँटीनच्या वरचा हॉल. विषय काय, तर एंटरप्राइज आर्किटेक्चर! हॉटेलांना टॉवेल पुरवणारी एक बडी पार्टी म्हणाली होती, ऑर्डर आल्यापासून ट्रक निघेपर्यंत तुमच्याकडं काय काय होतं ते कागदावर दाखवा, मग बोलू. आणि ते दाखवणं कुणालाच जमेना. ज्याला त्याला आपापलं टेबल ठाऊक, पलीकडं अंधार. म्हणून पुण्याहून श्रीदेवी मॅडमना बोलावलं. मूळच्या अक्कलकोटच्या, त्यामुळं कानडीत पुटपुटायचीही सोय राहिली नाही.

"मॅडम, आर्किटेक्चर म्हंजे नवी शेड बांधायचीय व्हय?" चनबसप्पानं पहिल्याच मिनिटाला खडा टाकून बघितला.

"शेड नाही काका, कंपनीचा नकाशा. चार मजले धरा. वर काम. त्याखाली कामाला लागणारी माहिती. त्याखाली ती माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर. तळाला मशिनं आणि वायरी. खालचं काही हलवायचं, तर वर काय उभं आहे ते आधी कळायला पाहिजे की नको?"

मग भिंतभर कागद लावला. मॅडम म्हणाल्या, आहे तसं काढा, असायला पाहिजे तसं नंतर. चनबसप्पानं उठून मधोमध महादेवप्पाच्या चहाच्या गाड्याचा चौकोन काढला आणि सगळ्या खात्यांचे बाण त्यात नेऊन सोडले. सगळे खिदळले. मॅडमनी मात्र निरखून बघितलं.

"बरोबर आहे. माहिती खरंच इथूनच फिरते. राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याची मस्करी खरी ठरवली होती. गड्याला शाळा आवडायला लागली.

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी प्रत्येक चौकोनाला तीन प्रश्न लावले. हे कशासाठी? कुणासाठी? काढलं तर काय मोडेल? असं करत करत गठ्ठे बांधण्यापाशी आल्या. बांधणी आणि गेटपास यांच्या मध्ये एक चौकोन होता. आत लिहिलं होतं, 'माल बसला'.

"हे काय आहे?"

कॉम्प्युटरवाला मल्लेश म्हणाला, "गठ्ठा प्रेसमधून निघाला की एक दिवस बसू द्यायचा. दुसऱ्या दिवशी सुंदरम्मा हात लावून बघतात, खडूनं फुली मारतात. मग मी 'माल बसला' पुढं होय दाबतो. त्याशिवाय गेटपास छापतच न्हाय."

"पण कशासाठी?"

"सुताला दम खायला लागतो की."

"प्रेसची गर्मी उतरती," स्टोअरचे बापूसाहेब म्हणाले. "न्हायतर घडी फुगती."

दम खाणारं सूत, उतरणारी गर्मी, फुगणारी घडी, सगळी वाक्यं चनबसप्पाचीच होती.

सतरा वर्षांमागं माल न्यायला येणारा ट्रक टेंभुर्णीजवळ बंद पडला होता आणि माल दिवसभर शेडमध्ये पडून. नव्या मॅनेजरनं विचारलं, हे गठ्ठे इथं का? खरं सांगायचा कंटाळा आला म्हणून चनबसप्पा म्हणाला, "साहेब, माल बसतोय." मॅनेजरनं ते डायरीत लिहिलं. डायरीतून ते नियमांच्या वहीत गेलं. कॉम्प्युटर आला तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यानं वही बघून होय-नाहीची खिडकी करून टाकली. आणि गुडघे गेल्यामुळं जिला मागावर उभं राहता येत नव्हतं, त्या सुंदरम्माला तर पहिल्या वर्षीच त्या कामावर बसवलं होतं. चनबसप्पा आठवडाभर पोट धरून हसला, नंतर विसरून गेला.

इकडं हॉलमध्ये मॅडम म्हणाल्या, "चाळीस गठ्ठे न बसवता पाठवून बघू. तक्रार आली तर चौकोन ठेवू."

सोमवारी तो सुंदरम्माकडं गेला. बाई खडूचा तुकडा कानावर अडकवून एकेका गठ्ठ्याला वासरासारखं थोपटत होती.

"अक्का, सतरा वर्षांत कधी न्हाय म्हणलीस का? हा माल बसला न्हाय, असं?"

"न्हाय म्हणायची पाळीच येऊ दिली न्हाय मी," ती ताठ होत म्हणाली. "का रे चनबसू? वरच्या शाळेत माझं नाव निघालं व्हय?"

"तसं निघालं."

"चांगलं की! घरी नातवंडं म्हणत्यात, म्हातारे सरक, टीव्ही दिसंना. हितं चार माणसं अक्का म्हणत्यात. माझ्या फुलीशिवाय ट्रक हलत न्हाय, सांगितलंस का मॅडमला?"

तो तडक गुरुशांतच्या केबिनमध्ये गेला. खुर्चीत न बसता उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. टेंभुर्णी, ट्रक, डायरी, सगळं. "चूक माझी हाय, मालक. मला काय करायचं ते करा, अक्काला दुसरं काम द्या."

गुरुशांतच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून हसून.

"काका, काका! टॉवेल मेंढीच्या अंगावर उगवतो, असं सांगितलं होतं तुम्ही मला. दुसरीपर्यंत खरं मानत होतो मी. वर्गात मार खाल्लाय त्यापायी."

"सिद्धेश्वराची शपथ, मालक."

"तेव्हाही हीच शपथ घेतली होती!" त्यानं डोळे पुसले. "आता कामाचं बघा, जावा. आणि मॅडमपुढं हे काढू नका. बाहेरच्या माणसाला वाटंल, कंपनी गमतीवर चालते."

चनबसप्पा बाहेर आला तर महादेवप्पानं चहा पुढं केला. त्याला सांगितलं, तोही हसला. बापूसाहेब हसले. मल्लेश तर म्हणाला, "काय बे काका, ह्या वयात कसं सुचतंय तुमाला?" गडी जितका गंभीर होई तितके लोक जास्त हसत. सव्वीस वर्षं त्यानंच त्यांना तसं शिकवलं होतं.

चाळीस गठ्ठे गेले. तिसरा शनिवार गेला, तक्रार आली नाही. येणार कुठून?

चौथ्या शनिवारी 'असायला पाहिजे तसा' नकाशा तयार झाला. ऑर्डरमागं एक अख्खा दिवस वाचत होता. पार्टी खूश, मालक खूश. जुन्या कागदावरचा चौकोन तेवढा खोडायचा राहिला होता.

"सगळ्यात सीनियर काका," गुरुशांत म्हणाला, "त्यांच्याच हातानं होऊ दे."

स्केचपेन हातात आला. चनबसप्पा म्हणाला, "मॅडम, ह्या चौकोनात माणूस हाय."

मॅडम म्हणाल्या, "माहीत आहे, काका. पण नकाशात कामाचं नाव असतं. माणसाचं काय करायचं ते मालकांनी ठरवायचं." त्यांनी मालकांकडं बघितलं. मालक कागदाचा फोटो काढत होते.

त्यानं फुली मारली. दुसरं काय करणार? टाळ्या पडल्या.

पहिल्या तारखेपासून सुंदरम्माला घरी बसवायचं ठरलं. शाल, नारळ, फोटो, सगळं रीतसर. भाषण चनबसप्पानं करायचं. "हसवा जरा," गुरुशांत म्हणाला.

संध्याकाळी तो शेडमध्ये गेला. ट्रक लागला होता, प्रेसमधले गठ्ठे थेट चढत होते. सुंदरम्मा खडू मुठीत धरून बाजूला उभी होती. माल बसवायची गरजच नव्हती, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"चनबसू, तू लई मस्कऱ्या. पण आज खरं सांग. माल बसतोय का न्हाय?"

नाही म्हणावं, तर बाईची सतरा वर्षं त्याच्या एका थापेत जातात.

"बसतोय, अक्का."

तिनं मान हलवली. चढणाऱ्या गठ्ठ्यांकडं एकदा बघितलं.

"मग तितं वर का न्हाय सांगितलंस?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मल्लेशनं गेटपास आणून दिला आणि फुलीशिवायचा ट्रक फाटकातून बाहेर पडला.