आठ वर्षांचं रबर

नेत्राने हायस्कूल संपवलं ते साल २०२४. जूनमधल्या त्या समारंभाला तिच्या आजीची थोरली बहीण पद्मिनी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून विमानाने उत्तरेला बॉथेलला आली होती. काठी टेकत आली, काठी टेकत फोटो काढून घेतले, आणि निघताना धाकट्या बहिणीला, सुमित्राला म्हणाली, "आता दिवाळीत तू ये हो. माझ्याच्याने आता हे विमानतळावरचं चालणं होत नाही."

दिवाळी दीड महिन्यावर होती तेव्हा, सप्टेंबरातल्या एका रविवारी, पद्मिनीच्या मुलाचा, शंतनूचा फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईला घरी आणलंय, तो म्हणाला, एक आठवडा सांगतात, पण तुम्ही आठवडा धरून चालू नका.

सुमित्राने फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे, पुरुषोत्तमकडे पाहिलं. "मला ताईकडे न्या," एवढंच म्हणाली.

हे म्हणायला सोपं होतं. ऑगस्टात सुमित्राच्या फुप्फुसातून हवा गळली होती. त्यातून ती उठली, पण डॉक्टरांनी दोन महिने विमानाचं नाव काढू नका म्हणून बजावलं होतं. त्यात मणक्याचं दुखणं. दीड-दोन तास बसली की तिला आडवं व्हावंच लागे. आगगाडीत झोपायची जागा पुढच्या आठवड्यापर्यंत नव्हती. क्युपर्टिनो साडेआठशे मैल.

शेवटी मुलानेच, नेत्राच्या बापाने, अवधूतने, तोड काढली. त्याच्याकडे पिकअपच्या मागे जोडायचा ट्रेलर होता. आत पलंग, शेगडी, न्हाणी, खाली दोन आस आणि चार चाकं. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला कायद्याने बंदी, तेव्हा आईने पिकअपमध्ये बसायचं आणि दर दीड तासाला थांबून ट्रेलरमध्ये जाऊन पडायचं. सोमवारी गाडी तयार करायची, मंगळवारी पहाटे निघायचं, वाटेत एक मुक्काम, बुधवारी रात्रीपर्यंत ताईच्या दारात.

"फक्त एक इश्यू आहे, बाबा," अवधूत म्हणाला. "मागचा एक टायर जरा विचित्र झिजलाय."

"दाखव," पुरुषोत्तम म्हणाला, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याच्या आवाजात धार आली.

पुरुषोत्तमने छत्तीस वर्षं महाडच्या एसटी डेपोत टायर विभागात काढली होती. कामाला लागला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. आकडे येत, कारण आकड्यांशिवाय चाकाचं काम होत नाही, पण अक्षर एकही नाही. डेपोत पद्धत अशी, की टायर बाद केला की त्याच्यावर खडूने तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, कारण, आणि तपासणाऱ्याचं नाव. पुरुषोत्तम टायर बाद करी आणि लिहायला दुसऱ्याच्या हातापाया पडे. लग्नानंतर पहिल्या मे महिन्यात शिक्षिका असलेली मेहुणी पद्मिनी राहायला आली, तिच्या हे लक्षात आलं. एकतीस वर्षांच्या माणसाला तिने अंगणातल्या जुन्या टायरसमोर बसवलं.

"अहो भावोजी, पाटी कशाला हवी? हीच तुमची पाटी," ती म्हणाली. महिनाभरात तिने त्याला त्या तीन ओळी लिहायला शिकवल्या. 'कारण' हा त्याने आयुष्यात लिहिलेला पहिला शब्द. कारणं तीनच असत: झीज, फाट, फुगा. ती लिहिता येऊ लागली आणि पुरुषोत्तम डेपोत माणसात आला. पुढे पेपर वाचायला लागला, बढतीची परीक्षा दिली. हे सगळं पद्मिनीताईंचं देणं आहे, असं तो कुणालाही, न विचारता, सांगायचा.

सोमवारी सकाळी तो ड्राइव्हवेत ट्रेलरखाली वाकला. मागच्या आसाचा डावा टायर बाहेरून नवाकोरा दिसत होता आणि आतली कड पार गोटा झाली होती. त्याने डोळे मिटून नक्षीवरून तळवा फिरवला. आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत, बाहेरून आत फिरवला तर करवतीचे दात.

"हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या," तो म्हणाला. "जास्त असती तर मधला पट्टा गेला असता. ही एकच कड गेलीय, आणि दात आलेत. चाक सरळ चालत नाहीये, फरफटत चाललंय. कुठे आपटला होतास?"

अवधूत ओशाळला. "याकिमाच्या कॅम्पग्राउंडला कर्बवर चढला होता. जस्ट थोडासा."

पुरुषोत्तमने सुतळी मागवली, खडू मागवला. दोन्ही टायरांवर खुणा करून त्याने मागच्या चाकांमधलं अंतर पुढून मोजलं, मग मागून मोजलं. पुढून अर्ध्या बोटाने जास्त भरलं. आस वाकला होता.

टायरच्या दुकानातल्या वॉल्ट नावाच्या म्हाताऱ्याने यंत्रावर तपासून तेच सांगितलं, आणि खडूच्या खुणा बघून विचारलं, हे कुणी केलं? अवधूतने बापाकडे बोट दाखवलं. वॉल्टने टोपी काढून हात पुढे केला. पुरुषोत्तमला इंग्रजी फारसं कळत नसे, पण हे कळलं, आणि त्याची छाती फुगली. ते फुगणं त्याला नंतर फार आठवलं.

आस शेजारच्या चेसिसवाल्याकडे दाबून दुपारपर्यंत सरळ झाला. मग टायरचं बोलणं निघालं.

"बाबा, तो म्हणतोय चारही चेंज करा," अवधूत म्हणाला. "पुढच्या आसाचे दोनही आठ वर्षं जुने आहेत. पण ट्रेलरचे टायर त्याच्याकडे आत्ता दोनच आहेत. बाकीचे दोन उद्या दुपारी येतील."

"आणि ते तिकडे मांडलेत ते?"

"ते पिकअपचे. साइज सेम आहे, पण तो ट्रेलरला लावायला नाही म्हणतो."

"बरोबर म्हणतो. ट्रेलरचं चाक वळत नाही, ते नुसतं ओढलं जातं. वळणावर सगळा भार बाजूवर येतो. बाजू कडक हवी." एवढं बोलून पुरुषोत्तम पुढच्या टायरांपाशी उकिडवा बसला. बाजूवर कोरलेले आकडे त्याने वाचले: एकतीस, सोळा. २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. मग त्याने नक्षीत नख घातलं. पाऊण नख आत गेलं. तळवा फिरवला. एकसारखं, दात नाहीत, फुगा नाही, फाट नाही.

"यात काय वाईट आहे?"

अवधूतने विचारून सांगितलं, "तो म्हणतो झिजले नाहीत, पण रबर म्हातारं झालंय. ट्रेलर वर्षातले दहा महिने उन्हात उभा असतो ना."

"दुकानदार तो, असंच म्हणणार," पुरुषोत्तम हसून म्हणाला. "अरे, एवढी नक्षी असलेला टायर मी बाद केला असता तर साहेबाने मला बाद केलं असतं. मागचे दोन बदल. हे दोन आरामात जातील."

"शुअर, बाबा? उद्या दुपारपर्यंत थांबलो तर संध्याकाळी निघू, गुरुवारी पहाटेपर्यंत पोचू."

"ताई थांबणार आहेत का गुरुवारपर्यंत?"

अवधूत सॉफ्टवेअरमधला माणूस. टायरचं बापापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं त्याच्या मनातही आलं नाही. मागचे दोन बदलले.

पुरुषोत्तम खोटं बोलला नव्हता. एसटीचा टायर सात-आठ महिन्यांत घाटात झिजून जाई, मग रिमोल्ड होई, म्हणजे वर नवी नक्षी चढे, पुन्हा झिजे. वयाने मेलेला टायर त्याने जन्मात पाहिला नव्हता. तिथे कुठल्याच टायरला तेवढं आयुष्य नव्हतं.

मंगळवारी अनंत चतुर्दशी होती. अंधारात निघताना सून स्वानंदीने सुमित्राच्या मांडीवर मेतकुटाची बरणी ठेवली. पद्मिनीने फोनवर तेवढं एकच मागितलं होतं: सुमीच्या हातचा मऊ भात आणि मेतकूट. दिवसभर बरणी सुमित्राने हातातून सोडली नाही. दर दीड तासाला ट्रेलरमध्ये पडायची, पुन्हा येऊन बसायची. पुरुषोत्तम प्रत्येक थांब्याला चारही टायरांना तळवा लावून किती तापलेत ते बघायचा.

"अहो, ताप बघताय का त्यांचा?" सुमित्रा म्हणाली.

"तुझा बघितला तर ओरडतेस."

त्या प्रवासातलं हसू एवढंच. रात्री ते ऑरेगनमधल्या रोझबर्गला राहिले.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला, डोंगर उतरताना, बंदुकीसारखा बार झाला. ट्रेलर एकीकडे ओढला गेला. अवधूतने कसाबसा कडेला घेतला. पुढच्या आसाचा उजवा टायर नुसता फुटला नव्हता, त्याची पट्टी सालासारखी सुटून फिरत्या चाकाबरोबर फटकारे मारत गेली होती. वरचा पत्रा फाडला होता, गॅसची नळी वाकवली होती, ब्रेकच्या तारा तोडल्या होत्या. स्पेअर टायर होता, पण ब्रेकशिवाय डोंगर उतरायचा कसा?

पुरुषोत्तमने रस्त्यावरून ती पट्टी उचलली. नक्षी अजून पाऊण नख खोल होती. आतल्या बाजूने रबर सुकून भेगाळलं होतं आणि तारांपासून सुटून आलं होतं.

टोइंगवाला यायला साडेतीन तास लागले. ट्रेलर ग्रँट्स पासच्या एका यार्डात सोडेपर्यंत तीन वाजले.

"आता काय रे?" सुमित्राने विचारलं.

"आई, ट्रेलर रेडी व्हायला दोन दिवस. आपण नुसत्या पिकअपने जाऊ शकतो, पण तुला पडायला..."

"चल. मी बसते."

ती बसली. दीड तास बसली, दोन तास बसली. कॅलिफोर्नियाची हद्द ओलांडली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि बरणीवरची बोटं ताठ झाली होती. वायरीका गावात एका मोटेलात खोली घेऊन तिला दोन तास निजवलं. तिथेच शंतनूचा फोन आला.

"मावशी, कुठपर्यंत आलात? आई आज छान शुद्धीवर आहे. सारखी विचारतेय, सुमी आली का, सुमी आली का."

"फोन दे तिला."

फोनमध्ये खरखर झाली, मग लांबून पद्मिनीचा बारीक पण खणखणीत मास्तरणीचा आवाज आला, "फोन नको मला. येतेय ना ती? मग समोरासमोर बोलू."

सुमित्रा उठून बसली. "चला."

रेडिंगच्या पुढे मात्र तिला बसवेना. डोळे फिरवले तिने. अवधूतने हात जोडले, "आई, प्लीज. तुला काही झालं तर?" रात्र तिथेच काढावी लागली. क्युपर्टिनो अजून अडीचशे मैल होतं.

पहाटे पुन्हा निघाले. अवधूत पुढे, हे दोघं मागे. मग सुमित्राने खिडकीबाहेर बघतच विचारलं, "त्या टायरवरून तुम्ही हात फिरवला होता ना?"

"हो."

"मग?"

"हाताला कळलं नाही."

"आणि तो दुकानदार काय म्हणाला होता?"

"म्हातारा झालाय म्हणाला होता."

सुमित्राने मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघू लागली. ती रागावली असती, बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी अशी गप्प राहिली नव्हती. पुरुषोत्तमने आपले तळवे मांडीवर उलटे टाकले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

साडेअकराला ते पोचले. दार उघडंच होतं आणि दारात चपला होत्या, फार चपला. शंतनू पायरीवर आला. त्याने बाजूला होऊन मावशीला वाट दिली. सुमित्रा आत गेली, बहिणीच्या उशाशी बसली, आणि बरणी कुठे ठेवावी ते न कळून तिने ती पद्मिनीच्या हाताशी ठेवली. दोन तास ती तशीच बसून होती. पाठ दुखते असं एकदाही म्हणाली नाही.

सगळं आटोपल्यावर बाप-लेक ट्रेलर आणायला ग्रँट्स पासला गेले. यार्डवाल्याने ब्रेक, नळी सगळं नीट केलं होतं आणि पुढच्या आसाला दोन नवे टायर बसवले होते. जुना डावा टायर कुंपणाला टेकवून ठेवला होता. न फुटलेला. नक्षी भरपूर, कड शाबूत. पुरुषोत्तमने त्याच्यावर गुडघा दाबला. नक्षीच्या खाचा उघडल्या, आणि प्रत्येक खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. सोमवारीही त्या तिथेच असणार. दाबून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

"बाबा, चला. लेट होतोय."

"थांब जरा."

कोटाच्या खिशात सोमवारचा खडू अजून होता. टायरवर त्याने तारीख घातली. खाली लिहिलं: कारण. इथे त्याचा हात थांबला. झीज नव्हती, फाट नव्हती, फुगा नव्हता. छत्तीस वर्षांत कधी न लिहिलेला शब्द त्याने लिहिला: वय. त्याखाली, पद्मिनीताईंनी शिकवलं होतं तसं, अक्षर न मोडता, तपासणाऱ्याचं नाव लिहिलं: पुरुषोत्तम. मग खडू तिथेच टाकून तो गाडीत जाऊन बसला.

सुमित्राची थोरली बहीण पद्मिनी गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी क्युपर्टिनो इथे वारली. तेव्हा पिकअप तिच्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर होती.