ट्रीट आणि क्युअरमधले अंतर

मित्रांनो, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगतो, पण हळू सांगतो. मी एक जुना शब्दकोश आहे. जे इंग्रजी शब्द जुळ्या भावंडांसारखे दिसतात, त्यांच्यातला फरक मराठीत सांगणे हे माझे काम. माझा कणा तीनदा चिकटवला आहे.

माझे मालक कागदांचे भाषांतर करत. शब्द कितीही ओळखीचा असो, मला उघडल्याशिवाय ते कागद हातावेगळा करत नसत. आणखी एक नेम होता. दोन्ही शब्दांचे अर्थ ते थोरल्या बहिणीला, अक्कांना, वाचून दाखवत. अक्का त्याच खोलीत शिवणयंत्रावर बसत. इंग्रजीचे अक्षर त्यांना येत नव्हते.

एकदा कुण्या विधवेचे पत्र इंग्रजीत करायचे होते.

"अलोन म्हणजे सोबत कोणी नाही. लोनली म्हणजे त्याचं दुःखही आहे. अक्का, हिला कोणता लावू?"

"वेळेवर जेवते का ती?"

"जेवते म्हणे. शेजारणींशी भांडतेही."

"मग अलोन लाव. पदवी तुझी आणि अक्कल माझी."

मालक हसत. परमेश्वराने वाणी दिली ती खरे बोलायला, असे अक्का म्हणत आणि दोरा दाताने तोडत.

मग अक्कांना खोकला जडला. तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांचे पत्र आले, सगळे इंग्रजीत. मालकांनी ते उभ्यानेच वाचले. त्यात ट्रीट हा शब्द होता. क्युअर कुठेच नव्हता. त्यांचा हात माझ्या पुठ्ठ्यावर आला, थोडा वेळ राहिला आणि मागे गेला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मला उघडले नाही.

"काय म्हणतात रे?" अक्कांनी विचारले.

"बरं करता येईल म्हणतात."

"मग लेकाला कशाला बोलवायचं? परीक्षा होऊ दे त्याची. सुट्टीत येईलच."

मालकांनी पत्राची घडी करून ते खिशात ठेवले. यंत्र पुन्हा सुरू झाले.

अक्कांचा लेक दूरच्या गावी शिकत होता. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. अक्का बाराव्या दिवशी गेल्या. लेक पोचला तेव्हा सगळे आटोपले होते. त्याने ते पत्र मागून घेतले, मग मला उघडले आणि बोट ठेवून मोठ्याने वाचले. ट्रीट : आजारावर उपचार करणे, आजार जाईलच असे नाही. क्युअर : आजार पूर्ण घालवणे.

"मामा, तुम्हाला हा फरक माहीत नव्हता?"

"होता."

त्याने मला मिटून जागेवर ठेवले.

त्यानंतर या खोलीत कागद आले नाहीत. मालक खिडकीपाशी बसतात. माझ्यावर धूळ बसते. मला वाईट वाटते की नाही, तेही आता नीट कळत नाही. मालकांचा राग मात्र येत नाही. त्यांनी मायेपोटीच केले.

मित्रांनो, माझी धूळ कोणी झटकली नाही तरी चालेल. पण आपल्या माणसाला काही वाचून दाखवाल, तेव्हा जे लिहिले आहे तेच सांगा. आणि अक्कांची आठवण ठेवा. खरे ऐकले असते तर त्यांनी लेकाला बोलावून घेतले असते. त्याला दिवसातून तीनदा जेवायला वाढत बसल्या असत्या.