चार बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. नाव ऐकून चेहरा असा कोरा करू नका, मला त्याची सवय आहे. घरात टीव्हीचं कौतुक होतं, स्पीकरचं कौतुक होतं, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं त्याच्याकडे बोट दाखवून पाहुणे विचारतात, “हा काळा डबा कसला?” म्हणून आधीच सांगून टाकतो. सिनेमातला आवाज पहिल्यांदा माझ्याकडे येतो. माणसांचं बोलणं पुढच्या मधल्या स्पीकरला, पाठीमागून येणारी पावलं मागच्या दोघांना, गडगडाट कोपऱ्यातल्या वूफरला, अशी वाटणी मी करतो आणि ज्याला त्याला लागेल तेवढं बळ देतो. बळ द्यायचं म्हणजे तापणं आलंच. हे तापणं तेवढं लक्षात ठेवा, कारण एका रविवारी त्याच्यापायी सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला होता.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईनं माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, दुसरीनं मला तासभर मोठ्यानं वाजवून तपासलं. झाकण बसवताना तिनं वरच्या जाळीवर फुंकर मारली आणि म्हणाली, “इथून श्वास घे रे बाबा.” ती रोज शेकडो डब्यांना असंच म्हणत असेल, पण मला ते आपलं माझ्यापुरतंच वाटलं.

दुकानात मी तीन महिने सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानदार वरच्या फळीवरचा धिप्पाड भाऊ दाखवी. एके दिवशी हातात कागद घेऊन एक ताई आली. कागदावर खोलीची मापं होती, खुर्ची कुठे, खिडकी कुठे, सगळं पेन्सिलीनं काढलेलं.

“ताई, हा घ्या. नऊ स्पीकर चालतात. भिंती हादरतील!” दुकानदार म्हणाला.

“भिंती कशाला हादरवू? बारा बाय चौदाची खोली आहे. पाच स्पीकर आणि एक वूफर, बास. बोलणं स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. मधल्या स्पीकरचा आवाज एकट्याचा वाढवता येतो का?”

“कोणासाठी घेताय?”

“बाबांसाठी. एक कान केव्हाच गेलाय. दुसरा किती दिवस आहे, माहीत नाही.”

दुकानदारानं वाकून मला बाहेर ओढलं, बाहीनं धूळ पुसली आणि म्हणाला, “मग हा न्या. दिसायला साधा आहे, पण बोलणं खणखणीत काढतो.” एवढं कौतुक मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं.

ताईचे बाबा सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं करवतीच्या यंत्राजवळ उभं राहून डावा कान बधिर झालेला, आणि आता उजव्या कानात आत कसलीशी गाठ वाढत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ काढलीच पाहिजे, नाहीतर जिवाशी खेळ. पण काढताना तो कानही जाऊ शकेल, वाचेलच असं सांगता येत नाही. तारीख ठरली होती.

आता ताईचं काम ऐका. सिनेमातली माणसं चालतात, दारं लावतात, भांडी ठेवतात, त्यांचे आवाज पुष्कळदा नंतर वेगळे करून जोडतात. ताई ते आवाज करायची. सहा वर्षांपूर्वी बाबांचा कारखाना सोडून ती या कामाला गेली, तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले होते, “जे हाताला लागत नाही, ते काम कसलं?” भांडण झालं नाही. पण त्यानंतर त्यांनी तिच्या कामाबद्दल एक अवाक्षर विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दोघंही एकाच मातीची, दुसरं काय! आता तिचा पहिला मोठा सिनेमा तयार होत होता. बाबांचा कान आहे तोवर त्यांनी तो एकदा ऐकावा, एवढीच तिची इच्छा होती. टीव्हीच्या आवाजात त्यांना नुसती घरघर ऐकू येई, आणि कानावर हेडफोन चढवला की कळ येई. म्हणून तर मी घरात आलो.

मला जमिनीवर ठेवलेलं पाहून मिस्त्रींनी नाक मुरडलं. “असा उघडा डबा? सुताराच्या घरात?” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी कपाट करायला घेतलं. आठ दिवस! खाचा अशा बसवल्या की सांध्यात कागद शिरू नये. पाठीला फळी, डोक्यावर फळी, पुढे काचेचं दार. तारांसाठी भोकं पाडली तीही तारेच्या मापाची. मला आत सरकवलं आणि मग पुढची चौकट डिंकानं पक्की केली. “आता हा हलायचा नाही,” असं म्हणून त्यांनी फळीवरून तळवा फिरवला. माझ्या डोक्यावरच्या जाळीत आणि त्या फळीत करंगळीसुद्धा मावत नव्हती.

माझ्याबरोबर आलेल्या पुस्तकात चित्र होतं, माझ्या डोक्यावर निदान चार बोटं जागा सोडायची, त्याचं. ताईनं ते पाहिलं होतं. तिनं तोंड उघडलं, बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. सहा वर्षांत तिच्यासाठी त्यांनी पहिल्यांदा काही केलं होतं. मी सगळं पाहत होतो, पण मला स्वतःचा आवाज कुठाय? दुसऱ्यांचे आवाज पोचवण्यातच आमचा जन्म जातो.

जोडणीच्या दिवशी मात्र मजा आली. लाल तार लाल खुंटीला, काळी काळ्याला, असं एकेक ताई जोडत गेली. मिस्त्री गुण्या आणि टेप घेऊन स्पीकरचे कोन मापायला बसले. “पुस्तकात म्हटलंय तेवढाच कोन, केसभरही इकडेतिकडे नाही,” म्हणाले. मग ताईनं त्यांच्या खुर्चीवर, उजव्या कानाच्या उंचीवर, माझा छोटा माइक बांधला. आता मी एकेका स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज सोडणार आणि कोण किती लांब आहे ते जोखणार. तेवढा वेळ घरात टाचणी पडलेली चालत नाही. नेमकी ताईच्या आईला शिंक आली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही शिंक! शेवटी आई नाकाला पदर लावून अंगणात जाऊन उभी राहिली, तेव्हा माझं माप पुरं झालं. मिस्त्री हसले. त्या घरातलं त्यांचं हसू मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं. रविवारी संध्याकाळी सहाला दवाखान्यात दाखल व्हायचं. आणि सिनेमाची डिस्क ताईच्या हाती पडली शनिवारी रात्री. म्हणजे रविवारची दुपार, तेवढीच काय ती.

दोन वाजता तिनं मला सुरू केलं. मिस्त्री खुर्चीत बसले, उजवा कान जरा पुढे करून. समुद्रकाठची गोष्ट होती. पहिला तास मी अगदी झोकात काम केलं. मिस्त्री मध्येच म्हणाले, “मागून कोण आलं?” आणि वळून पाहिलं. ताईचा चेहरा असा फुलला म्हणता! तिचीच पावलं होती ना ती. पण माझी इकडे तगमग सुरू झाली होती. श्वास सोडावा तर तो फळीला आपटून परत अंगावर. पाठही बंद. कारखान्यातली ती बाई मला आठवायला लागली.

सव्वातीनला सिनेमात वादळ आलं. लाटा, गडगडाट, फुटणारी होडी. सगळ्या स्पीकरांनी एकदम बळ मागितलं. मी दिलं, आणखी दिलं, आणि मग माझ्याच्यानं होईना. स्वतःला जळू द्यायचं नाही असा आमचा नियम आहे. मी आवाज तोडला. लाल दिवा उघडमीट करू लागला. पडद्यावर लाटा उसळत होत्या आणि खोलीत शुकशुकाट.

“माझा कान गेला का?” मिस्त्रींनी एकदम विचारलं. त्यांचा हात कानाशी गेला होता.

“नाही बाबा, नाही! मशीन बंद पडलंय.”

ताईनं काचेचं दार उघडलं. आईनं वर्तमानपत्राची घडी करून मला वारा घातला. पण पुढून वारा घालून काय होणार, माझी धग डोक्यावर आणि पाठीशी कोंडलेली. दहा मिनिटांनी ताईनं मला पुन्हा सुरू केलं, आणि वादळ सोडून थेट पुढच्या प्रसंगावर गेली. तोच तिला ऐकवायचा होता. मी जिवाच्या करारावर उभा राहिलो. मिनिटभरही टिकलो नाही. घड्याळात पावणेचार झाले.

“राहू दे,” मिस्त्री उठत म्हणाले. “नंतर बघू.”

तो ‘नंतर’ ऐकताच आईनं तोंड फिरवलं.

“मशीनच भिकार निघालं,” ताई म्हणाली. शप्पथ सांगतो, मला एवढा राग कधी आला नव्हता. मी भिकार? पण आई फिरकन वळली.

“खोटं बोलू नकोस. आता तरी नको. दाखव त्यांना ते पुस्तक.”

मिस्त्रींना चित्र वाचायला कितीसा वेळ लागणार! त्यांनी चित्रावर चार बोटं ठेवून पाहिली. मग माझ्यावरच्या फळीवर तळवा टेकला आणि चटकन उचलला.

“हे तू पाहिलं होतंस?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही माझ्यासाठी करत होतात, बाबा. इतक्या वर्षांनी. माझा धीर झाला नाही.” आणि ती रडायला लागली, लहान मुलीसारखी हुंदके देत.

मिस्त्री बाहेर निघून गेले. मला वाटलं, गेले ते गेलेच. सहा वर्षांचं मौन आता कायमचं होणार. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात करवत होती. “जाळीवर चादर धर,” ते आईला म्हणाले. “भुसा आत जाता कामा नये.” आणि आठ दिवस खपून केलेल्या त्या फळीवर त्यांनी करवत लावली. ना खूण, ना माप. पहिल्या घावाला ताई ओरडली, “बाबा, नको!” त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. डोक्यावरची फळी गेली, पाठीची अर्धी गेली, कडा दातेरी राहिल्या. चादर निघाली आणि माझ्या अंगावर गार हवा आली. अहाहा! पण थंड व्हायला मला वेळ लागतो, आणि तिघंही माझ्यापुढे बसून घड्याळ पाहत होती. साडेचार. पावणेपाच. आई दवाखान्याची पिशवी दाराशी ठेवून आली. पाचला ताईनं श्वास रोखून माझं बटण दाबलं.

वादळानंतरची सकाळ. किनारा शांत. एक म्हातारा फुटलेल्या होडीची नवी फळी रंध्यानं तासतोय. सर्र... सर्र... एवढाच आवाज. मी तो मधल्या स्पीकरला दिला, जपून, एक कणही सांडू न देता.

मिस्त्री पुढे झुकले. दर ‘सर्र’नंतर एक बारीकशी ‘टक’ येत होती.

“थांब. हा माझा रंधा आहे.”

“पात्याला उजवीकडे टवका आहे. तिथे अडकतं ते. माझाच आहे. आवाज कधी घेतलास?”

“दोन वर्षांपूर्वी. कारखान्याच्या खिडकीबाहेर माइक घेऊन उभी होते. तुम्हाला हाक मारायचं धाडस झालं नाही.”

“पुन्हा लाव.”

तीन वेळा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ताईचा हात धरून ठेवला. “चांगलं काम आहे,” ते म्हणाले. साडेपाचला गाडी आली.

मित्रांनो, जीव वाचला, कान मात्र गेला. मिस्त्रींनी शेवटी काय काय ऐकलं ते मला नक्की ठाऊक नाही. पण माझ्यातून शेवटचं ऐकलं ते हे.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझी एक खुंटी तुटली आहे, मागचा एक स्पीकर मुका झाला आहे, रिमोटचं झाकण रबरबँडनं बांधलेलं आहे. ताईकडे आता नवी यंत्रं आली आहेत, माझ्यावर आठवडे-आठवडे धूळ असते. तक्रार नाही. मागणं एकच आहे. माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याच्या डोक्यावर चार बोटं जागा सोडा, जाळीवरची धूळ पुसा. आणि प्रेमानं कोणी चुकत असेल, तर त्याच वेळी सांगा हो, करवत आणायची पाळी येऊ देऊ नका.

त्या दातेरी कडा मिस्त्रींनी कधी घासल्या नाहीत. एखाद्या रविवारी ताई येते आणि तो प्रसंग लावते. मिस्त्री स्टूल ओढून मधल्या स्पीकरपाशी बसतात आणि त्यावर तळवा ठेवतात. सर्र, टक. सर्र, टक. मग मान हलवून तिला सांगतात, “लागतंय हाताला.”